मेरेकू हुआ क्या था?

२००८ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कलर्स वाहिनी नुकतीच सुरू झाली होती आणि ऑगस्टमध्ये तिच्यावर 'बिग बॉस'चं दुसरं पर्व लागलं. अब्बा इशाच्या नमाजला गेले की आम्ही बहिणी आवाज बारीक करून बघायचो. घर आपल्या लोणावळ्यातलं, सूत्रसंचालन शिल्पा शेट्टीचं आणि पाहुण्यांत इंग्लंडची जेड गुडी. जानेवारी २००७ मध्ये तिकडच्या अशाच कार्यक्रमात शिल्पाला वंशावरून घालूनपाडून बोलणारी ती हीच. मूळची दातांच्या दवाखान्यातली मदतनीस. २००२ मध्ये टीव्हीवर आली आणि तिच्या अडाणीपणाला हसत हसत लोकांनीच तिला मोठं केलं.

आली तशी एक-दोन दिवसांत ती परत गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचा निरोप इंग्लंडहून आला, तो कॅमेऱ्यांनी भरलेल्या त्या घरातच तिला ऐकावा लागला. वय सत्तावीस, पदरात दोन लहान मुलं.

माझी धाकटी खालाही तेव्हा सत्तावीसचीच. खाला-खालू दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जात. अंगावरून पांढरं जातं म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली. पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल, एवढंच तिला सांगितलं. कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबतं? पोरं लहान. मुकादमाकडून आणखी उचल घेतली, पिशवी काढली आणि ते पैसे फेडायला टाके नीट भरायच्या आत खाला पुन्हा फडात उभी राहिली. घरात या गोष्टीचा उच्चार झाला नाही. पुरुषांना 'पेट का ऑपरेशन' एवढंच माहीत.

तिकडे जेडनं दुखणंही कॅमेऱ्यासमोर आणलं. फेब्रुवारी २००९ मध्ये केस गेलेल्या डोक्यानं लग्न केलं, त्याचे हक्क विकले आणि पैसे मुलांच्या शिक्षणासाठी असल्याचं उघड सांगितलं. २२ मार्चला ती वारली. इंग्लंडमध्ये तो मातृदिन होता. आजाराचाही बाजार मांडला, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही. तिला काय झालंय ते तिला माहीत होतं आणि तिनं त्याचं नाव घेतलं. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा ४ लाखांहून जास्त बायका तपासणीला गेल्या.

तिच्या मृत्यूनंतर अकराच दिवसांनी आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी तो केला होता. खेड्यांतल्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. ज्यांची एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्यांच्यातले या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्यांच्या जवळपास निम्मे निघाले. एकदाच! खालाच्या गावाहून बार्शी काही लंडनइतकी लांब नाही.

२०१९ मध्ये बीडच्या पिशव्यांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. मी ती बातमी खालाला वाचून दाखवली. ती उठली आणि पत्र्याच्या पेटीतून जुने कागद घेऊन आली. "देख गे, मेरेकू हुआ क्या था?"

मी दोनदा वाचले. ऑपरेशनचं नाव होतं, बिल होतं. कुठल्याही तपासणीचा कागद नव्हता. बी.एड. केलेली भाची, पण उत्तर देता आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या माता-मेळाव्यात मी हा विषय काढला. काहीजणी तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही केली का तपासणी?" तिशी उलटून किती वर्षं झाली होती. मी गप्प.

पुढच्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात गेले. खाला सोबत आली. कंबर धरून बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि माझी पर्स मांडीवर घेऊन म्हणाली, "कागद मांगके ला."