हसू दीडपट वेगानं येत नाही

कोलंबस, ओहायो
२५ जानेवारी २०२५

चि. सोनूस,


तुझा निरोप पोचला. ‘मावशी, पाचही नव्या कॉमेड्यांचे पहिले भाग एका रात्रीत पाहिले, दीडच्या स्पीडवर. एकही धड नाही. तू कुठली बघतेस?’ उत्तर खरं तर एका ओळीचं होतं. पण ‘दीडच्या स्पीडवर’ वाचलं आणि चहा तसाच ठेवून मी हिशेब मांडला. जाहिराती वगळल्या तर एक भाग २१-२२ मिनिटांचा. असे पाच भाग दीडच्या वेगानं म्हणजे सव्वा तास. सव्वा तासात तू पाच घरी जाऊन आलीस, कुणाकडे पाणीसुद्धा न पिता, आणि म्हणतेस माणसं बरी नाहीत! असं करतात का गं?

गडकरी रंगायतनमधला तो प्रयोग आठव. तुला उचकी लागली होती तो. नटानं वाक्य टाकलं, हशा उसळला आणि तो तसाच हात वर धरून उभा राहिला. हसणं ओसरायला लागलं तेव्हा कुठे त्यानं पुढचा शब्द उच्चारला, आणि त्या एका शब्दावर पुन्हा सगळं थिएटर कोसळलं. आप्पा घरी येताना म्हणाले होते, थांबणं हेच त्याचं काम. तू तेच थांबणं कापून टाकलंस. मग उरतात नुसती वाक्यं, आणि नुसत्या वाक्यांना कोण हसेल?

तुझी दुसरी तक्रार, ‘मधेमधे हसण्याचे आवाज लावलेत, जुनाट वाटतं.’ सगळे आवाज एका माळेत ओवू नकोस. खोटं हसणं होतंच. १९५०च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं हशाची पेटी तयार केली होती. कळ दाबली की हसू. पण त्याच दशकात, १९५१ साली, ‘आय लव्ह लूसी’च्या मंडळींनी समोर खरे प्रेक्षक बसवले, तीन कॅमेरे एकदम चालवले आणि नाटकासारखा सलग प्रयोग फिल्मवर धरला. तू पाहिलेल्या पाचांतल्या ‘जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज’ आणि ‘हॅपीज प्लेस’ याच वळणाच्या. तिथे खुर्च्यांवर खरी माणसं बसलेली असतात. नंतर आवाज कापतात, सांधतात, हे मला ठाऊक आहे. तरी ते हसणं माणसांचं आहे. एकट्या घरात ते ऐकू आलं की मला तरी बरं वाटतं. चिमणराव लागायचे तेव्हा अख्ख्या मजल्यात एकच टीव्ही, आणि निम्मे विनोद हशात बुडायचे. दिलीप प्रभावळकर काय बोलले हे ताईला आणि मला दुसऱ्या दिवशी नळावर कळायचं. पुढे तेच प्रभावळकर टिपऱ्यांच्या घरातले आबा झाले आणि तू आप्पांच्या मांडीवर बसून त्यांना बघायचीस. आप्पा आधी हसायचे, मग त्यांचं पोट हललं म्हणून तू हसायचीस. तेव्हा तुला कोणी जुनाट म्हटलं का?

आता जॉर्जीचं सांगते. जॉर्जीचं काम करणारा माँटाना जॉर्डन सात वर्षं ‘यंग शेल्डन’मध्ये होता, तिथे प्रेक्षकांचं हसणं नव्हतं. आता तेच पात्र घेऊन त्याला लोकांसमोर उभं राहायचंय. पहिल्या एक-दोन भागांत तो हशाच्या आधीच बोलून टाकतो असं मला वाटलं. आता थांबायला शिकलाय. हे शिकणं बघण्यातच मला गोडी वाटते. आणि गोष्ट तरी काय! कोवळ्या वयात बाप झालेला मुलगा, स्वतःचे वडील वारलेले, सासऱ्याच्या टायरच्या दुकानात काम करतोय आणि सासूच्या घरात राहतोय. घरजावयाचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला हवंय का? सासू त्याला बोलते तेव्हा मला आपले भाईमामा आठवतात. लग्न टिकणार नाही हे मालिकेच्या नावातच आहे, म्हणून त्यांचं गोडीत चाललं की मला जास्त भरून येतं.

‘पोपाज हाऊस’ची बाजू मी फारशी घेणार नाही. डेमन वेयन्स बापलेक खरेही बापलेकच आहेत आणि एकमेकांना चिडवतात ते छान दिसतं, पण लिखाण पातळ आहे. टिम ॲलनच्या ‘शिफ्टिंग गिअर्स’चे तीनच भाग झालेत. विधुर बाप आणि मुलांना घेऊन माहेरी परतलेली लेक. मी उन्हाळ्यापर्यंत वाट बघणार. वाट बघावी लागते, सोनू. ‘चीअर्स’ १९८२ साली सुरू झालं तेव्हा लोकप्रियतेच्या यादीत अगदी तळाशी होतं. एनबीसीनं ते काढलं नाही, आणि ते १९९३पर्यंत, ११ हंगाम चाललं. आज कोणाला एवढा धीर आहे? चॅनलवाल्यांना नाही, आणि आता तुलाही नाही.

तू सगळ्यात जास्त रागावलीस ती ‘सेंट डेनिस मेडिकल’वर. ‘हॉस्पिटल असं नसतं, मावशी.’ नसेल. तुला रोजचं माहीत, मला नाही. पण तिथे हसण्याचा आवाज नाही हे तुझ्या लक्षात आलं का? ‘मॅश’ या जुन्या मालिकेच्या वेळी हशा हवाच असा चॅनलचा आग्रह होता, तरी शस्त्रक्रियेच्या प्रसंगांवर तो चढवायचा नाही हे त्या लोकांनी पदरात पाडून घेतलं. हे मला फार मोठं वाटतं. कुठे हसू नये हे ज्याला कळतं त्याच्यावर मी विश्वास टाकते. सेंट डेनिसमधली ती ॲलेक्स, ॲलिसन टोलमन करते ती, पहिल्याच भागात तिला मुलीच्या कार्यक्रमाला जायचं असतं आणि पाय काही हॉस्पिटलातून निघत नाही. हे तरी खोटं आहे का? दिवाळीला तू ‘निघतेच आहे’ म्हणालीस आणि ताई रात्री एकपर्यंत फोन हातात धरून बसली होती. मी तो भाग दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा मला ॲलेक्स दिसलीच नाही, तू दिसलीस.

म्हणून हे एवढं लांबलंय. तुला मालिका आवडली नाही याचं मला काही नाही. पण रात्रपाळीहून येऊन, उभ्यानं काहीतरी खाऊन, तू विनोदसुद्धा उरकायला लागलीस याची मला धास्ती वाटते. मागच्या महिन्यात फोनवर मी लाल स्टुलाची गोष्ट काढली, तर तू ‘हो हो’ म्हणालीस. हसली नाहीस. ती गोष्ट ऐकून तू हसली नाहीस असं २५ वर्षांत झालेलं नाही. मी ताईला हे सांगितलेलं नाही. झोप होते का नीट? जेवतेस काय? सिॲटलला सध्या ऊनही नसेल.

मी काय बघते ते सांगते. ‘हॅपीज प्लेस’. बाप गेल्यावर रीबा मॅकएंटायरच्या वाट्याला त्याचा बार येतो आणि कधी न पाहिलेली सावत्र बहीण भागीदार निघते. सोबत मेलिसा पीटरमन आहे, जुन्या ‘रीबा’तली. दोघींनी तेव्हा सहा वर्षं एकत्र काम केलं होतं, आणि आता एकीनं मान वळवली की दुसरीला पुढचं कळतं. ताई आणि मी स्वयंपाकघरात असायचो तशा. माझ्याकडे खिडकीतल्या अँटेनावर ते फुकट दिसतं, शुक्रवारी आठला.

तुझ्याकडे आठ वाजतात तेव्हा माझ्याकडे अकरा. ज्या शुक्रवारी तुला सुट्टी असेल तो मला कळव, मी जागी राहीन. माझा भाग बघून झालेला असेल, तू तुझा लाव, साध्या वेगानं. फोन स्पीकरवर ठेव. बोलली नाहीस तरी चालेल, मला नुसतं ऐकू येऊ दे. आणि त्या दिवशी गरम काहीतरी करून खा, निदान मुगाची खिचडी. मेतकूट डब्यातून पाठवते आहे, बुधवारपर्यंत मिळेल.

तुझी,
मावशी