सल्ल्याचे वजन

माणूस जन्माला येतो तेव्हापासून जपणुकीचे सल्ले त्याच्या सोबतीला असतात. बाळाला कसे निजवावे इथून ते सुरू होतात आणि म्हातारपणी रोज किती चालावे इथपर्यंत संपत नाहीत. सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मायाच असते. पण प्रत्येक सल्ल्यामागचा पुरावा सारखा भक्कम नसतो आणि प्रत्येकाने टळणारा धोकाही सारखा मोठा नसतो. मला वाटते, सल्ला देताना आणि घेताना हे वजन पाहिलेच पाहिजे. सगळेच सारख्या जोराने सांगितले, की जे खरोखर जीव वाचवणारे आहे तेही गर्दीत हरवते.

पाळण्यापासूनच सुरुवात करू. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकाने दोन पिढ्यांच्या आईवडिलांना धीर दिला. त्याच पुस्तकाच्या 1950 च्या दशकातल्या आवृत्तीत बाळाला पोटावर निजवावे असे सुचवले होते. पाठीवर असताना ओकारी आली तर ती घशात अडकेल, हे त्यामागचे कारण. तर्क कुणालाही पटावा असाच होता, मात्र तो तपासलेला नव्हता. पोटावर निजणाऱ्या बाळांना झोपेतच अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त असतो, हे 1970 पर्यंतच्या अभ्यासांतून दिसू लागले होते. ते पुरावे वेळीच एकत्र पाहिले गेले असते तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान 50,000 बालमृत्यू टळले असते, असा अंदाज 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मांडला गेला. पुढे ब्रिटनने 1991 मध्ये आणि अमेरिकेने 1994 मध्ये बाळाला पाठीवर निजवा अशी मोहीम काढली, आणि दहाएक वर्षांत अमेरिकेतले असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासून दिलेल्या एका साध्या वाक्याचे बळ एवढे असते.

बाळ खायला लागले की शेंगदाण्याचा प्रश्न येतो. ज्या मुलांना अ‍ॅलर्जीचा धोका अधिक, त्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये सांगितले आणि 2008 मध्ये मागे घेतले. इस्रायलमध्ये बाळे लहानपणीच शेंगदाण्याचा खाऊ खातात. तिथल्या मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी सुमारे दहापट आढळली. मग लंडनमध्ये अशा जोखमीच्या 640 बाळांवर प्रयोग झाला. 2015 मध्ये निष्कर्ष आले : ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जीचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे जपण्यासाठी जे टाळायला सांगितले, ते टाळल्यानेच धोका वाढत होता.

मोठेपणी सल्ल्यांना आकडे चिकटतात. रोज 10,000 पावले चालण्याचा नेम ना कुठल्या दवाखान्यात ठरला, ना प्रयोगशाळेत. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले. हा आकडा त्याच्या नावातच होता. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षे वयाच्या सुमारे 16,700 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला 2,700 पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. गुडघे धरून चार हजार पावले चालणाऱ्या आजीला आपण कमी पडतो असे वाटायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

यावर कोणी म्हणेल, एक सूचना जास्त झाली तर बिघडले कुठे? बिघडते. कॅलिफोर्नियात 1986 च्या कायद्यामुळे दुकाने, हॉटेले, वाहनतळ सगळीकडे कर्करोगाच्या इशाऱ्याच्या पाट्या लागल्या. 2018 मध्ये एका न्यायाधीशाने कॉफीवरही तो इशारा हवा असे ठरवले आणि पुढच्याच वर्षी सरकारला नियम करून कॉफीला वगळावे लागले. गावात भोंगा रोज उगाचच वाजत राहिला तर खरी आग लागल्यावर कोण धावेल? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सल्ले असे बदलू लागले तर लोकांचा शास्त्रावर विश्वास कसा राहील, आणि बेफिकिरांना निमित्त नाही का मिळणार? मला उलट वाटते. चूक उघडपणे मागे घेणारेच विश्वासाला पात्र असतात. आणि निमित्ताचे म्हणाल तर पुरावा पाहणाऱ्याला हेल्मेटमधून सुटकाच नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा रस्त्यावर जीव गेला. त्यांत मागे बसलेले 14,337 होते. हा सल्ला आणि पावलांचा सल्ला एकाच पंगतीत बसवणे म्हणजे हेल्मेटचे मोल कमी करणे.

म्हणून डॉक्टरांनी, शाळांनी, सरकारने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनीही थोडे सांगावे, पण ते कशाच्या आधारावर आणि धोका केवढा, हे त्याबरोबर सांगावे. जुना सल्ला चुकीचा ठरला तर तो ज्या जोराने दिला होता त्याच जोराने मागे घ्यावा. ऐकणाऱ्यानेही तेवढे विचारण्याचा हक्क सोडू नये. काळजी खरी असेल तर तिला या प्रश्नांचा राग येणार नाही.