तळहात दाखव

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. कुंडलिकेकाठच्या माळवदाच्या घरात सख्खी-चुलत मिळून आम्ही अकरा लेकरं. एकाला सर्दी झाली की आठवडाभरात अकराही नाकं गळायची. गोवर, कांजिण्या, गालफुगीही आम्ही अशीच वाटून घेतली.

सकाळी शाळेला निघताना आजी उंबऱ्यात बसून एकेकाला अडवायची. कपाळाला हात लावायची, कावीळ तर नाही ना म्हणून डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि शेवटी म्हणायची, "तळहात दाखव." तिथं ती काय शोधते, ते आम्हाला कळत नसे. तिच्या तोंडावर देवीचे वण होते आणि तिची दोन भावंडं त्याच साथीत गेली होती, एवढंच ऐकून माहीत.

१९७५-७६ च्या सुमारास शाळेत आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याच्या हातात रंगीत कार्ड, त्यावर अंगभर फोड उठलेलं लेकरू. "असं कुणी घरात, गल्लीत, मामाच्या गावाला पाहिलंय का?" गल्लीतली बातमी मोठ्यांआधी लेकरांना लागते, हे त्या खात्याला पक्कं ठाऊक होतं. देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस १००० रुपये! मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या सदऱ्यात डोकावून पाहिलं.

आणि संध्याकाळी घरातच घबाड सापडलं. धाकट्या चुलतभावाच्या पोटावर पुरळ! त्याला उचलूनच आजीपुढं नेला. तिनं त्याचा तळहात उलटा-सुलटा केला, मग तळपाय पाहिले. "देवी नाही रे, कांजिण्या." देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर दाट येतात, तळहात-तळपायही सोडत नाहीत, आणि सगळे एकदमच पिकतात. कांजिण्या पोटापाठीवर जास्त. एक फोड सुकतो तोवर शेजारी दुसरा उगवतो. कार्डावाल्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं आजी भावंडांच्या अंथरुणाशी बसून शिकली होती. आमचे हजार रुपये बुडाले. आजी मात्र त्या रात्री देवापुढं बराच वेळ हात जोडून बसली.

दाराला लिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद. आलागेला डहाळा बघून बाहेरूनच परतायचा. पण कांजिण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे डहाळ्याला नेहमी उशीरच व्हायचा. दोन-तीन आठवड्यांत एकामागून एक आम्ही सगळे आडवे झालो. त्यातल्या एकानं गॅदरिंगचं नाटक चुकू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालून शाळा गाठली. नाटक झालं, पुढच्या पंधरवड्यात अर्धा वर्ग रिकामा. तो महाभाग मीच.

१९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तरी आजीची तपासणी थांबली नाही.

मग हात पुढं करायची पाळी आमच्या लेकरांवर आली. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला आणि दोन थेंबांनंतर करंगळीवर शाई लागू लागली. नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोहीम थेट शाळाशाळांत गेली. करोनानंतर शाळा उघडल्या, तेव्हा फाटकातच तापमापक रोखलेलं असायचं.

परवाच्या पावसाळ्यात नातीच्या प्लेग्रुपमध्ये 'हँड, फूट अँड माउथ'ची साथ आली. कॉक्सॅकी जातीच्या विषाणूंचा हा आजार बहुधा सौम्य असतो. तोंडात फोड येतात आणि तळहात-तळपायांवर पुरळ. बाईंनी दारातच एकेका लेकराला थांबवलं, कपाळ पाहिलं, तोंड उघडायला लावलं आणि म्हणाल्या, "तळहात दाखव बरं."

मी हे भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं. अकरांपैकी आता नऊ जण आहोत. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळपर्यंत नऊ तळहातांचे फोटो आले.