लफ्ज कुठे हरवले?

दुकानात गेलं की पहिली गोष्ट वॉटची. 'साहेब, १००० वॉट!' खोक्यावर तो आकडा ठळक छापलेला असतो, पण त्याचा अर्थ विचारा, विकणाराही गडबडतो. दहा-बाय-बाराच्या खोलीत कव्वाली ऐकायला बहुतेक वेळा ५ वॉटही खर्च होत नाहीत. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला जाणवेल इतपतच.

मी या भानगडीत पडलो तो अब्बांमुळे. त्यांच्याकडे साठेक रेकॉर्डी आहेत, इस्माईल आझादांपासून अझीझ नाझांपर्यंत. जुना रेडिओग्राम कायमचा बंद पडला, तेव्हा धाकट्या भावाने टर्नटेबल, अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आणली. दुकानाच्या माणसाने येऊन जोडून दिली. चार दिवसांत अब्बांनी ऐकणं सोडलं. "आवाज आ रही, लफ्ज नै आ रहे," एवढंच म्हणाले. कव्वालीतून शब्द गेला तर उरतात टाळ्या. घरात सगळ्यांनी ते त्यांच्या ७६ वर्षांच्या कानांवर ढकललं, श्रवणयंत्राची चौकशी सुरू झाली. अब्बा गप्प राहू लागले, आणि ते मला बघवेना.

म्हणून साखळी पहिल्या कडीपासून तपासली. सुई खाचेतून फिरते तेव्हा कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात. सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट, म्हणजे ४०० पट. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर वाढवलेले असतात. खर्ज आहे तसा कोरला तर खाचा रुंद होतील आणि एका बाजूवर थोडीच मिनिटं मावतील. १९५४च्या सुमारास यासाठी आरआयएए नावाचं प्रमाण ठरलं. ऐकताना ते उलटं करून घ्यावं लागतं, आणि ते काम फोनो प्रीअॅम्पचं. आमच्याकडे तो नव्हताच! टर्नटेबलची वायर थेट अॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये खुपसलेली. पेटी पत्र्याच्या डब्यात वाजतेय असं वाटायचं, आणि आवाज वाढवला की नुसती घरघर.

तळहाताएवढा प्रीअॅम्प मध्ये जोडला आणि खर्ज परत आला. पण शब्द अजून अर्धवटच होते.

त्याचं कारण स्पीकरच्या जागेत होतं. आतला मोठा वूफर खर्ज सांभाळतो, छोटा ट्वीटर तार स्वर, आणि क्रॉसओव्हर दोघांत वाटणी करतो. 'स', 'श', 'फ' यांची फुसफुस ट्वीटरच्या वाट्याला येते आणि ती सरळ रेषेत जाते. आमचे स्पीकर कपाटाच्या माथ्यावर, छताला चिकटून! ते खाली, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे आणले. अम्मी म्हणाली, "घर है के शादी का मंडप?" वायर साधी तांब्याचीच ठेवली. महागडी वायर घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी फक्त प्लसला प्लस आहे ना, एवढं पाहिलं.

अब्बांच्या कानांत वयाचा दोष आहेच, तपासणीत वरचे स्वर कमी निघाले. त्यासाठी ट्रेबलचं बटण थोडं उजवीकडे ठेवतो. यंत्र लावायला ते अजून तयार नाहीत. पण रविवारी वरच्या मजल्यावरची पोरं येऊन बसतात, आणि अब्बा दर दोन ओळींनी सुई उचलून त्यांना शेराचा अर्थ सांगतात. कव्वाली पुरी होतच नाही.