अर्धी गोळी

वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो. यंदा त्याच चौकटींत पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: एक, अर्धी, एक, अर्धी, मध्येच सलग चार फुल्या. माझ्या चार वर्षांच्या भाच्याची ही रात्रीची गोळी. सिक्स-एमपी या औषधाची गोळी ५० मिलिग्रॅमची; त्याच्या अंगापेराला कधी पुरी लागते, कधी अर्धी, आणि रक्तातल्या पेशींचे काउंट पडले की डॉक्टर ती थांबवतात. वहिनी सुरीने गोळी कापते, उरलेली अर्धी उद्यासाठी डबीत ठेवते.

सुरुवातीच्या महिन्यांत सगळे धावून आले. पोराचे केस गेले होते, स्टिरॉइडने गाल फुगले होते. रात्री दोनला उठून पिठलं-भात मागायचा आणि भाऊ डोळे चोळत बेसन कालवायचा. फोन यायचे, नवस बोलले जायचे. पुढे केस परत आले आणि फोन कमी झाले. पण एएलएल, म्हणजे मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, आणि त्यातला मोठा काळ असा घरीच, गोळ्यांवर जातो. मला तोच सगळ्यांत कठीण वाटतो. पोरगं अंगणात खेळत असतं आणि आईचा हात दिवसातून दहादा त्याच्या कपाळाला लागतो.

गुरुवारी मिथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच द्यायचं. चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेतेल, म्हणून ती पट्टी वरच्या फळीवर, वेगळ्या डब्यात. वहिनीचा दत्ताचा गुरुवारही असतो.

मिथोट्रेक्सेटचा माग काढत मी पोचले परळलाच, जिथे भाच्याचे उपचार चालतात. टाटा रुग्णालयापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर तिथे कामाला आली. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना, विशेषतः गिरणीकामगार बायकांना, विलक्षण रक्तक्षय होई आणि बाळंतपणात त्या दगावत. विल्सने त्यांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. बायकांच्या अंगात रक्त भरू लागलं. १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं सत्त्व म्हणजे फोलेट, आपल्या पालेभाजीतलंही. पुढे अमेरिकेत भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या गटाने फोलिक आम्ल बनवलं, आणि त्याच्याच चेहऱ्यामोहऱ्याची पण पेशींना वाढू न देणारी द्रव्यंही. त्यातलं अमिनोप्टेरीन बॉस्टनमध्ये सिडनी फार्बरनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं. १९४८ सालच्या त्यांच्या निबंधात सोळा मुलं आहेत. दहा सुधारली, थोड्या काळापुरतीच. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. मिथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरीनचं सख्खं भावंड.

सुब्बारावांना विसरलो याची मला खंत वाटते, पण त्या बायका जास्त आठवतात. पोटुशी असताना गिरणीतली पाळी करून चाळीचे जिने चढणाऱ्या, दम लागून मध्येच बसणाऱ्या. त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत. भाऊ-वहिनी पोराला मास्क लावून पहाटेच्या लोकलने कल्याणहून परळला जातात, ते त्या बायकांच्याच वस्तीत.

आणि थोरली, भाच्याची बहीण. दहा वर्षांची. तिच्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात शाळेतून आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली, दप्तर पाठीवर तसंच. "आई, माझ्या बाकावरच्या मुलीला कांजिण्या आल्यात." कांजिण्या भावाला किती महागात पडतील हे तिला माहीत होतं. वहिनीने डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी सांगितलेले दिवस थोरली माझ्याकडे राहिली, दोन गल्ल्या पलीकडे. तिला ताप आला नाही. रोज संध्याकाळी खिडकीतून भावाला हात हलवता येत नाही म्हणून फोनवर गोष्ट सांगायची, एकाच राक्षसाची, लांबवत लांबवत.

एकदा मी विचारलं, काय खावंसं वाटतं? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, पाणीपुरी चालेल?" भावाला बाहेरचं बंद, म्हणून हिनेही सोडलं होतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही कोपऱ्यावरच्या भैयाकडे गेलो. तिने तिखट पाणी मागितलं, नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लं, वर एक सुकी पुरी हक्काने मागून घेतली.