खोडलेला ‘तरी’

माणगावासारख्या तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या तांबड्या पेन्सिलीस एक खोड जडलेली असते. वही उघडली की ती आपोआप एका ठराविक शब्दापाशी जाऊन थांबते आणि त्यावर आडवी रेघ ओढते. आमच्या पेन्सिलीचा तो शब्द म्हणजे ‘बट’. ‘ऑलदो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ हे वाक्य आम्ही सुमारे ३० वर्षांत किती वह्यांतून वाचले असेल, याची गणती नाही. आसपासच्या वाड्यांवरून चिखल तुडवीत येणारी मुले ते लिहीत, निजामपूर-गोरेगावाहून एस. टी.ने येणारी लिहीत, आणि बाजारपेठेतील सुखवस्तू घरांतली मुलेही लिहीत. या एका बाबतीत गरीब-श्रीमंत हा भेद आम्हांस कधी आढळला नाही. ‘इंग्रजीत एकच उभयान्वयी अव्यय पुरते, ऑलदो लिहिले की बट नको’, असे बजावून आम्ही ‘बट’ खोडीत असू, आणि आपल्या हातून व्याकरणाची मोठीच सेवा घडली अशा समाधानाने पुढची वही ओढीत असू.

वास्तविक ही चूक अज्ञानाची नव्हे, निष्ठेची आहे. मराठी मुलाच्या तोंडून ‘जरी’ निघाला की त्याचे मन ‘तरी’ची वाट पाहू लागते. ‘जरी तो गरीब आहे, तरी तो प्रामाणिक आहे’, ही आपली जुनी घडण. संस्कृतातही यद्यपि आला की मागोमाग तथापि येतो. ‘जरी’स एकटे सोडणे म्हणजे एकाच पायात वहाण घालून घराबाहेर पडण्यासारखे होय. चिनी भाषेतही असाच जोडशब्द आहे, आणि चिनी विद्यार्थी इंग्रजी लिहिताना नेमकी हीच चूक करतात. इंग्रजीची रीत निराळी. ‘ऑलदो’ एका वाक्यास गौण करून दुसऱ्यास मुख्यपणा देतो. ‘बट’ दोन समान पायरीची वाक्ये जोडतो. दोन्ही एकत्र आले, म्हणजे एक शब्द म्हणतो ‘हा चाकर’, दुसरा म्हणतो ‘दोघेही मालक’. आणि घरात कोणाचे चालते, हेच कळेनासे होते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या परंपरेतून शाळेपर्यंत आलेल्या परिभाषेत ‘पण’, ‘परंतु’ यांस न्यूनत्वबोधक अव्यये म्हणतात. पहिल्या वाक्यात काही उणे आहे, हे दुसऱ्या वाक्याने दाखवावयाचे, हा त्या नावाचा भाव. ते नाव आम्ही वर्गात शेकडो वेळा उच्चारले असेल. त्याचा खरा अर्थ आम्हांस कसा कळला, ते पुढे सांगू.

विरोध दाखविताना दोन्ही भाषांची चाल अन्य ठिकाणीही भिन्न आहे. ‘तो आला, पण त्याने चहा घेतला नाही’ हेच वाक्य पाहा. माणूस एकच, परंतु क्रियापद बदलताच सर्वनामाने वेष पालटला. ‘आला’ यास ‘तो’ चालतो. ‘घेतला’ हे सकर्मक क्रियापद भूतकाळी ‘त्याने’ मागते, आणि स्वतः चहाच्या लिंगवचनाप्रमाणे वागते. इंग्रजी ‘ही’ मात्र दोन्हीकडे जसाच्या तसा उभा. उलट, ‘तो गेला, पण मी नाही’ एवढ्यावर आपले भागते. इंग्रजीस तेथे बहुधा ‘डिड’ हे साहाय्यक क्रियापद मुख्य क्रियापदाचा मुखत्यार म्हणून नेमावे लागते. ‘डिस्पाइट’ या शब्दयोगी अव्ययाची तऱ्हा आणखी वेगळी. आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून चालतात, इंग्रजांची पुढे. आणि या अव्ययापुढे अख्खे वाक्य ठेवून चालत नाही, नाम किंवा नामासारखे रूपच लागते. म्हणून ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ चूक, ‘डिस्पाइट द रेन’ बरोबर. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तेथे त्याचा अर्थ तुच्छतेने खाली पाहणे असा होता. म्हणजे इंग्रज पावसास तुच्छ लेखून घराबाहेर पडतो, असे म्हणावयाचे! आमचा माणगावकर शेतकरी आषाढात ‘पाऊस असूनही’ शेतावर जातो. ज्याच्या कृपेवर भाताची लावणी अवलंबून, त्यास तुच्छ लेखण्याची त्याची छाती नाही.

असो. काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळी संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. घरी थोडी भातशेती, वडील आजारी, पाठची दोन भावंडे. पनवेलकडील एका कचेरीत कारकुनाची जागा होती आणि तिच्यासाठी त्यास इंग्रजी शिफारसपत्र हवे होते. आम्ही आनंदाने कागद घेतला. खोटी स्तुती करावयाची नाही, हा आमचा बाणा. म्हणून इतर मजकुरानंतर लिहिले, ‘ही इज ऑनेस्ट अँड हार्डवर्किंग, बट हिज इंग्लिश इज वीक.’ त्याने ते उभ्या उभ्याच वाचले.

‘सर, एक विचारू?’

‘विचार.’

‘यात खोटं काहीच नाही. पण ‘बट’च्या पुढचं आधी आलं असतं, तर चाललं नसतं का?’

खरे सांगावयाचे तर आम्हांस राग आला. शिफारस मागावयास येणाऱ्याने तिचे शब्दही सुचवावे, हे आमच्या गुरुपणास रुचले नाही. ‘अर्थ एकच होतो’, असे आम्ही काहीशा तुटकपणे म्हणालो. ‘होय सर, अर्थ एकच’, तो म्हणाला, ‘पण वाचणाऱ्याच्या लक्षात शेवटचं राहील.’ मग पत्राची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वाकून नमस्कार करून तो पावसात निघून गेला. त्या कचेरीत त्यास जागा मिळाली नाही. आमच्या पत्रामुळेच मिळाली नाही, असे म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही. पत्रामुळे नव्हे, असे म्हणण्यासही नाही.

त्या रात्री न्यूनत्वबोधक या शब्दाचा अर्थ आम्हांस उमगला. मुलाचा प्रामाणिकपणा आणि कष्टाळूपणा आम्ही आधी मांडला आणि एका तीन अक्षरी इंग्रजी शब्दाने त्यास उणेपणा आणला. इंग्रजी ‘बट’चा मूळ अर्थ ‘बाहेर’, ‘वगळून’ असा होता. ‘ऑल बट वन’ या प्रयोगात तो अजून जिवंत आहे. त्याचे दोन्ही गुण आम्ही असे दाराबाहेर उभे केले होते. आपला ‘पण’ संस्कृत ‘पुनः’पासून आलेला. ‘पुन्हा पाहा’, एवढेच तो सांगतो. तो मुलगाही आम्हांस तेवढेच सांगत होता.

दुसरी गोष्ट याहून लाजेची. जुन्या इंग्रजी गद्यात, १६११ च्या बायबलाच्या भाषांतरातसुद्धा, ‘दो’च्या जोडीस ‘येट’ वारंवार येतो. आजही तो प्रयोग अशुद्ध मानीत नाहीत. किंचित जुनाट वाटतो इतकेच. कारण ‘येट’ मुळात क्रियाविशेषण. ‘बट’प्रमाणे तो गौण-मुख्य हा भेद मोडीत नाही. म्हणजे मुले जो ‘तरी’ धुंडीत होती, तो इंग्रजीत होता! तो त्यांच्या हाती देणे आमचे काम होते. आम्ही ३० वर्षे त्यांचा ‘तरी’ खोडला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही.

दिवाळीत आम्ही त्या मुलास निरोप धाडून बोलाविले आणि दुसरे पत्र लिहिले: ‘ऑलदो हिज इंग्लिश इज वीक, येट ही इज ऑनेस्ट अँड हार्डवर्किंग.’ त्याने ते वाचले आणि तो हसला.

‘सर, यात दोन आहेत. तुम्ही एक खोडायचात.’

‘हा खोडायचा नसतो’, आम्ही म्हणालो. ‘हा तुला शिकवायचा राहिला होता.’

नवे पत्र घेऊन तो गेला. जुने त्याने आम्हांस परत दिले. ते अद्याप आमच्या मेजाच्या खणात आहे. आता आम्ही सेवानिवृत्त आहो, तथापि शेजारची मुले वह्या घेऊन येतात, आणि त्यांत ते जुनेच वाक्य हटकून असते. तांबडी पेन्सिल अजूनही ‘बट’वर रेघ ओढते, मात्र पुढच्या ओळीकडे वळण्यापूर्वी ती त्या रेघेच्या डोक्यावर ‘येट’ हा शब्द लिहिते.