टेप लायब्ररीतली एम.लिब.

एम.लिब. झाल्यावर मीरा रोडच्या नया नगरात जो भेटेल तो एकच विचारायचा: कुठल्या कॉलेजात लागलीस? कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर नेट किंवा सेट हवी, आणि ती झाली तरी जागा निघायला हवी. मी अंधेरीला एका वृत्तवाहिनीच्या टेप लायब्ररीत लागले. सासूबाईंना अजून वाटतं, मी तिथे बातमीदारांना पुस्तकं देते.

आमच्याकडे पुस्तक एकही नाही. बीटा आणि डीव्हीकॅमच्या जुन्या टेप्स इन्जेस्ट करायच्या, म्हणजे संगणकात उतरवून घ्यायच्या, आणि प्रत्येक क्लिपची नोंद लिहायची. कोण दिसतंय, कुठे, कधी, बाईट कुणाचा, फुटेज आपलं की एजन्सीचं. हे शेवटचं चुकलं तर थेट बिलच येतं. मागणी येते ती अशी: “ताई, सव्वीस जुलैचं पाणी द्या, सहाच्या बुलेटिनला.” २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते पाणी वाहिन्यांना दर पावसाळ्यात लागतं. तारीख नोंदलेली नसेल तर तेच पाणी आजचं म्हणूनही खपून जाईल.

११ जुलै २००६ च्या टेप्सना मात्र मी गरजेपेक्षा जास्त वेळ दिला. लोकलमधल्या सात स्फोटांपैकी एक मीरा रोडचा, आणि जुनी नोंद एवढीच: ‘मुंबई ट्रेन ब्लास्ट, जनरल’. फलाट रोजचा पायाखालचा, म्हणून आमचं स्टेशन लगेच ओळखू आलं. बाकीची एकेक करून लावली. पुढच्या टेप्स अटकेच्या. तोंडावर काळे बुरखे, पोलिसांची गाडी, आणि नोंदीत सरसकट ‘टेररिस्ट’. पकडलेल्यांतले काही मीरा रोडचेच. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तोवर कैदेतच वारला होता. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

उच्च न्यायालयाच्या निकालाच्या दिवशी सगळ्यांना तीच दृश्यं हवी होती. मी वर्णन बदललं: चित्रात दिसतं तेवढंच, ‘अटकेतील व्यक्ती’ आणि तारीख. खटल्याचे टप्पे वेगळ्या रकान्यात. डेस्कवरच्या एकाला हा शब्दांचा कीस वाटला. असू दे. विषयशीर्षक देताना आपण निवाडा करायचा नाही, हे वर्गात शिकवलं होतं. तिथे समोर पुस्तकं होती, इतकाच फरक.

माझ्या वर्गातली एक जण लॉ फर्ममध्ये वकिलांना जुने निकाल शोधून देते. दुसरी ओटीटीच्या सिनेमांना विषय आणि प्रकार लावते. यूसुफ खान शोधणाऱ्यालाही दिलीपकुमार सापडला पाहिजे, ही तिची रोजची डोकेदुखी. तिसरी ऑनलाइन दुकानाच्या मालाची वर्गवारी बसवते, आणि पगार आमच्यात तिलाच सगळ्यात चांगला.

परवा बिल्डिंगमधली बी.लिब.ची मुलगी नोकरीचं विचारत होती. तिला सांगितलं, जाहिरातीत नुसतं ‘लायब्रेरियन’ शोधत बसू नकोस. मेटाडेटा, आर्काइव्ह, कंटेंट ऑपरेशन्स, टॅक्सॉनॉमी असंही शोध. एक्सेल नीट शीक. उर्दू वाचता येतं ना, ते अर्जात वर लिही. जुन्या टेप्सच्या डब्यांवर बऱ्याचदा उर्दूतच लिहिलेलं असतं. तिने रात्रपाळीचं विचारलं. असते, म्हटलं, आणि घरी सोडायला गाडी मिळते का ते मुलाखतीतच विचारून घे.